धामणीचं धनुष्य: लाकूड तोडण्यापासून वाक काढेपर्यंत

आमच्या पडवीच्या वाशाला मोडकी धनुष्यं टांगलेली आहेत. काही माझी, काही सुट्टीत शिकायला आलेल्या पोरांची. येणारा प्रत्येक जण आधी तीच उतरवून बघतो. रंधा किंवा कोयता चालवता येत नव्हता म्हणून मोडलेलं त्यात एकही नाही. काही ओल्या लाकडाची होती. बाकीची वाक न तपासता दोरी चढवून, एका दमात कानापर्यंत ओढल्यामुळे गेली. म्हणून या लेखात तासकामाला जागा कमी दिली आहे. सुकवणं आणि वाक काढणं यांना जास्त.

आधी शब्द ठरवून घेऊ. धनुष्याची नेमाकडची बाजू ती पाठ, आपल्या तोंडाकडची ते पोट. मधली धरायची जागा मूठ. मुठीच्या वर आणि खाली वाकणारे जे दोन भाग, त्यांना मी पाखी म्हणतो. छपराची दोन पाखी असतात तशी. दोन्ही पाखी सारखी आणि सगळ्या लांबीवर वाकावीत म्हणून पोटाकडून थोडं थोडं लाकूड काढत जाणं म्हणजे वाक काढणं. इंग्रजी व्हिडिओत याला टिलरिंग म्हणतात. मापं सुतारी आहेत: इंचाचे आठ सूत.

हत्यारं: कोयता, करवत, दोन-तीन लाकडी पाचरी, वाकस (लाकूड तासायचं आडव्या पात्याचं हत्यार), रंधा, एक बाजू गोल असलेली कानस, बारीक गोल कानस (दोरीच्या खाचेसाठी), काचपेपर, लटकवायचा वजनकाटा, विहिरीची एक जुनी कप्पी आणि खिडकीच्या काचेचा जाड तुकडा. शेवटची खरवड काचेनेच उत्तम होते. हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा मात्र हवाच.

### १. लाकूड निवडा

कोकणात माझी पहिली पसंती धामण. हे नाव ऐकलं की लोकांना साप आठवतो, पण झाडाचंही तेच नाव आहे, आणि जुन्या संस्कृत निघंटूंत ते ‘धन्वन’ म्हणून येतं. पानाचा देठाकडचा भाग एका बाजूला कलता, कडा दातेरी, फळं वाटाण्याएवढी आणि पिकली की काळी. साल सोलली तर लांब चिवट तंतू निघतात. कुऱ्हाडीच्या दांड्याला हे लाकूड का घेतात हे कुठल्याही मेस्त्रींना विचारा: ते वाकतं, पण तडकत नाही.

खोड किंवा सरळ वाढलेली जाड फांदी ५ ते ६ इंच व्यासाची, ६ फूट लांब आणि बिनगाठीची हवी. साल बारकाईने बघा. सालीवरच्या रेषा खोडाला पीळ घालत वर जात असतील तर आतलं लाकूडही पिळलेलं असतं. ते सोडून द्या. पिळलेलं लाकूड सरळ करण्यात मी एक अख्खी थंडी घालवली आहे, दुसऱ्या कोणी घालवू नये.

सागाचा मोह नको. साग दारा-खिडक्यांना चांगला, पण एवढा ताण तो सोसत नाही. वखारीतून फळी घ्यायची तर फळीच्या पाठीवरच्या शिरा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ गेलेल्या हव्यात. शीर मध्येच कडेला जाऊन संपत असेल तर धनुष्य बरोबर तिथेच उकलणार.

नुसता हात बसवायचा असेल तर आधी माणग्याच्या बांबूचं एक करून बघा. सिंधुदुर्गात माणगा हवा तेवढा मिळतो, जवळजवळ भरीव असतो आणि तीन वर्षांचा झालेला बांबू पुरतो. हिरवी बाहेरची साल पाठीला ठेवायची आणि सगळी खरवड आतून करायची. बांबूची ताकद बाहेरच्या थरात असते, तिथे कानस लागली की खेळ संपला.

सावधान: वनक्षेत्राबाहेर वाढलेला बांबू २०१७ च्या दुरुस्तीपासून भारतीय वन कायद्यातल्या ‘वृक्ष’ या व्याख्येत येत नाही. झाडांचं तसं नाही. महाराष्ट्रात वृक्षतोडीसाठी १९६४ पासून वेगळा कायदा आहे. झाड आपल्या मालकीच्या रानात असलं तरी कोयता लावण्याआधी वनरक्षकाला विचारा. आणि धनुष्य हे नेमबाजीसाठी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, सशाच्यासुद्धा.

### २. तोडा, फाडा, टोकं बंद करा

तोड डिसेंबर-जानेवारीत करा. पावसाळ्यात तोडलेल्या लाकडाला बुरशी धरते, आणि कीड लागून भुगा पडायला लागतो.

तोडलेल्या दिवशीच, संध्याकाळ व्हायच्या आत, दोन्ही टोकांना ऑइलपेंटचे दोन जाड हात द्या. पेंट नसेल तर लाकडाला लावायचा पांढरा गोंद चालेल. लाकूड टोकांतून सगळ्यात वेगाने सुकतं आणि तिथेच भेगा पडतात. ‘उद्या करू’ म्हटलेल्या ओंडक्यांना टोकापासून वीतभर आत भेगा गेलेल्या मी पाहिल्या आहेत.

मग पाचरी ठोकून ओंडका उभा फाडा. करवतीने चिरू नका. करवत आपल्या रेषेने जाते, पाचर लाकडाच्या शिरेने जाते, आणि धनुष्याला शिरेची वाट हवी असते. ६ इंची ओंडक्याच्या चार फाका होतात. आतला गाभ्याचा त्रिकोण वाकसाने उडवा आणि फाक साधारण अडीच इंच रुंद, दीड इंच जाड ठेवा. पातळ फाक लवकर सुकते.

साल आत्ताच काढा. थंडीत ती चिकटून बसते, सोलून सहज येत नाही. बोथट सुरीने, घाई न करता खरवडा. सालीखालचा पहिला लाकडाचा थर हीच आपली पाठ. साल निघाली की त्या पाठीलाही पांढऱ्या गोंदाचा किंवा पेंटचा एक हात द्या, नाहीतर पाठीवर केसासारख्या उभ्या चिरा पडतात.

### ३. सुकवा, आणि सुकल्याचा पुरावा मागा

कोकणातली निम्मी धनुष्यं इथेच हरतात. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला ३,००० मिलीमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ८५-९० टक्क्यांवर बसलेली असते. अशा हवेत लाकूड कितीही दिवस ठेवलं तरी त्यातला ओलावा १८-२० टक्क्यांखाली येत नाही. ते हवेतूनच पाणी ओढत राहतं. धनुष्याला ९ ते ११ टक्के ओलावा योग्य. त्याहून ओलं लाकूड मोडलं नाही तरी बसतं: दोरी उतरवली तरी वाकलेलंच राहतं आणि बाणाला जोर देत नाही. त्याहून फार कोरडं झालं तर चिरफळतं.

माझी पद्धत संथ आहे. डिसेंबरात तोडलेली फाक मेअखेरपर्यंत पडवीत, सावलीत, जमिनीपासून वर, खाली तीन आडव्या पट्ट्या देऊन ठेवतो. जूनमध्ये ती चुलीवरच्या माळ्यावर जाते, जिथे आपण सुकी मच्छी आणि बियाणं ठेवतो. धूर आणि ऊब लागत पावसाळा निघतो. वाक काढायचं काम पुढच्या डिसेंबर-जानेवारीत. चूल नसेल तर एक लांबट पेटी करून तळाशी ६० वॉटचा पिवळा बल्ब लावा, वर हवा जायला चार भोकं ठेवा. पण फाक कमीत कमी दोन महिने सावलीत वाळल्याशिवाय पेटीत घालू नका. ओल्या लाकडाला अचानक ऊब दिली की ते आतून फाटतं.

‘वाळलं असेल’ हा अंदाज चालत नाही. दर रविवारी फाक काट्यावर टांगा आणि वजन खडूने तिच्यावरच लिहा. माझी एक फाक ४ किलो ६०० ग्रॅमपासून सुरू झाली आणि ३ किलो ४०० वर येऊन थांबली. सलग तीन रविवार वजन हललं नाही, तर लाकूड त्या हवेत जेवढं सुकायचं तेवढं सुकलं असं समजा.

पण ‘त्या हवेत’ म्हणजे नक्की किती? तेही घरच्या घरी काढता येतं. फाकेच्या बाजूचा, टोकापासून दूरचा, थोडा खोलवरचा छिलका काढा आणि सोनाराच्या छोट्या काट्यावर तोला. मग तव्यावर अगदी मंद आचेवर, तांबूस होऊ न देता, वजन उतरायचं थांबेपर्यंत भाजा. पुन्हा तोला. कमी झालेल्या वजनाला भाजलेल्या वजनाने भागून शंभराने गुणा. ५६ ग्रॅमचे ५० झाले तर ६ भागिले ५०, म्हणजे १२ टक्के. अजून थोडं थांबायचं.

तपासा: वजन तीन आठवडे स्थिर आहे? छिलक्याचा हिशेब ११ च्या आसपास आला? पाठीवर नखाला लागेल अशी आडवी भेग नाही ना? तिन्ही उत्तरं मनासारखी आल्याशिवाय पुढचं वाचूच नका.

### ४. पाठ साफ करा आणि मग तिला विसरा

गोंद खरवडून पाठ मोकळी करा. हिच्यावर कानस चालवायची नाही, ती सपाट करायची नाही, उंचसखल असेल तर तशीच राहू द्यायची. ओढताना पाठीवरचे तंतू ताणले जातात आणि पोटावरचे दाबले जातात. पाठीवरचा एक तंतू मध्येच कापला गेला की त्या टोकापासून कूस, म्हणजे लाकडाची बारीक फास, उचलायला लागते. गाठ असेल तर तिच्याभोवती लाकूड जास्त ठेवा, गाठ खरवडू नका.

### ५. आखणी

शिकाऊ माणसाला सोसणारं माप देतो. २६ इंच ओढ, म्हणजे दोरी मुठीपासून तेवढी मागे आणायची, आणि तेवढं ओढायला १६ किलो जोर (इंग्रजीत साधारण ३५ पौंड).

एकूण लांबी ६६ इंच. मधोमध मूठ ४ इंच. मुठीच्या दोन्ही बाजूंना २-२ इंचांचा उतार, जिथे जाड मुठीतून पातळ पाख्यात हळूहळू उतरायचं. उरलं प्रत्येकी २९ इंचांचं पाखं. रुंदी उतारापासून पाख्याच्या मध्यापर्यंत १४ सूत (पावणेदोन इंच), तिथून टोकापर्यंत सरळ निमुळती होत ४ सूत. मूठ १० सूत रुंद, १२ सूत जाड.

मध्यरेषा मारायला सूत ताणू नका. फाडलेली फाक थोडी सापासारखी वळत असेल तर मध्यरेषाही शिरेबरोबर वळली पाहिजे. पेन्सिलीचं टोक शिरेवर ठेवून बोटाच्या आधाराने चालत जा. दोन्ही टोकं आणि मुठीचा मध्य शेवटी एका रेषेत आले म्हणजे झालं. मध्ये वळण राहिलं तरी चालतं.

मोठा पीळ असेल तर आत्ताच काढा. तेवढ्या जागी खोबरेल तेल चोळून निखाऱ्यांवर हातभर उंचीवर फिरवत तापवा, हात लावता येणार नाही इतकं तापलं की वाकवून बांधून ठेवा, थंड झालं की सोडा. लाकूड काळं पडू देऊ नका.

### ६. पोटाकडून जाडी काढा

बाजू रेषेपर्यंत तासा. मग पाख्यांची जाडी उतारापाशी ६ सूत करा, तिथून टोकाकडे उतरत ५ सूत. इथे थांबा. पुढचं सगळं वाकवून बघत बघत काढायचं आहे.

जाडीचा हिशेब मनात पक्का बसवा. रुंदी निम्मी केली तर ताकद निम्मी होते. जाडीचं गणित वेगळं: ताकद जाडीच्या घनाने बदलते. एका जागी जाडी ५ सुतांवरून ४ सुतांवर आली की तिथली ताकद जवळजवळ निम्मी उरते. म्हणजे रंध्याचे चार जोरकस हात हा ‘थोडासा बदल’ नाही. म्हणून ५ सुतांच्या आसपास पोचलात की रंधा बाजूला ठेवा, कानस घ्या. आणि दोरी चढली की कानसही ठेवून काच घ्या.

सावधान: नवख्यांचा सगळ्यात नेमका घोटाळा मुठीजवळच्या उतारात होतो. तिथे कानस सहज घसरते आणि खड्डा पडतो. दोन इंचांच्या उताराला घसरगुंडीसारखा मऊ बाक हवा, पायरी नको.

### ७. पहिला वाक: फरशीवर

एक टोक फरशीवर (खाली गोणपाट घाला), एक हात मुठीवर, दुसऱ्या हाताने पाख्याचं मधलं अंग हळूच दाबा. टोक तीन-चार इंच हलेल इतकंच. डोळा बाजूने ठेवून कुठे वाकतंय, कुठे काठीसारखं ताठ आहे, ते बघा. ताठ जागेवर पेन्सिलीने रेघा ओढा, तेवढंच खरवडा, पुन्हा दाबा. मग दुसरं पाखं. दोन्ही सारख्या जोराने सारखी वाकेपर्यंत हे चालू ठेवा. घाई नसेल तर दोन संध्याकाळी जातात.

आता दोरीच्या खाचा. टोकापासून ६ सूत आत, दोन्ही कडांना गोल कानशीने तिरकी खाच, पोटाकडे उतरणारी. पाठीवर खाच जाऊ देऊ नका.

### ८. लांब दोरी आणि कप्पी

आमच्याकडे चुना मारलेल्या भिंतीवर कोळशाने आडव्या रेघा मारल्या आहेत, इंचा-इंचावर. छातीएवढ्या उंचीवर एक लाकडी आधार, त्यावर मूठ बसते, पाठ वर आणि दोरी खाली. दोरीच्या मध्यातून वजनकाट्याचा आकडा, त्याला बांधलेला दोर जमिनीजवळच्या कप्पीतून वळून माझ्यापर्यंत येतो. मी दहा फुटांवर उभा. यामुळे दोन कामं होतात: पूर्ण धनुष्य एका नजरेत दिसतं, आणि मोडलंच तर तुकडे माझ्या तोंडाकडे येत नाहीत.

दोरी धनुष्यापेक्षा थोडी लांब, सैल लोंबणारी, जाड आणि न ताणणारी घ्या. नायलॉनची मासेमारीची दोरी नको, ती रबरासारखी ताणते आणि सगळे आकडे खोटे देते.

आता दोन नियम. लिहून भिंतीवर चिकटवा.

एक, काट्यावर १६ किलोच्या पुढे कधीही, कुठल्याही टप्प्यावर ओढायचं नाही. टोकं चारच इंच उतरली आणि काटा १६ वर गेला तर ओढ थांबवा, सोडा, दोन्ही पाख्यांतून सारखं लाकूड काढा.

दोन, वाकात चूक दिसली की ती दुरुस्त होईपर्यंत त्याच्या पुढे एक इंचही ओढायचं नाही. वाकड्या वाकात जास्त ओढलं की सगळा ताण त्या एका कमकुवत जागेवर जातो, तिथलं लाकूड कायमचं चेंगरतं, आणि नंतर कितीही खरवडलं तरी ती जागा धनुष्याला मध्येच गुडघा फुटल्यासारखी दिसत राहते.

माझ्या दुसऱ्या धनुष्याचं असंच झालं. खालच्या पाख्याचा मधला चार बोटांचा भाग जास्त वाकत होता. मला तो दिसतही होता. पण काटा फक्त १२ किलो दाखवत होता, म्हणून मी ओढत राहिलो. शेजारचे मेस्त्री कामावरून परतताना खळ्यात थांबले, विडी तोंडातून न काढता धनुष्याकडे बघितलं आणि त्या चार बोटांवर अंगठा ठेवून म्हणाले, “ह्यां हयसर मोडतलां.” दुसऱ्या दिवशी सकाळी ते तिथेच मोडलं. अंगठ्याच्या मापाने.

मेस्त्रींच्या नजरेला वीस वर्षं लागतात. आपल्यासाठी एक सोपं साधन आहे. ६ इंच लांबीची, अगदी सपाट, दोन बोटं रुंद फळी घ्या. मधोमध भोक पाडून त्यात पेन्सिलीचा तुकडा घट्ट बसवा, पुढे-मागे सरकवता येईल असा. दोरी ओढलेल्या स्थितीत कोणाला तरी कप्पी धरायला सांगा आणि ही फळी पोटाच्या बाजूने जास्त वाकलेल्या जागी ठेवा. पोट आतून खोलगट असतं, त्यामुळे फळीची दोन टोकं टेकतात आणि मध्ये फट राहते. पेन्सिल त्या फटीला जेमतेम टेकेल इतकी बाहेर काढा. मग फळी पाख्यावरून सरकवा. जिथे वाक कमी तिथे फट कमी, तिथे पेन्सिल लाकडावर रेघ उठवते. रेघ उठली तिथे लाकूड काढायचं. रेघ नाही तिथे हात लावायचा नाही. मुठीचा उतार आणि टोकाकडचे शेवटचे पाच-सहा इंच यातून वगळा, ते ताठच हवेत.

ओढून धरायचा वेळ तीन-चार सेकंदांहून जास्त नको. फळी फिरवायला वेळ लागला तर सोडा, पुन्हा ओढा.

प्रत्येक खरवडीनंतर धनुष्य सध्या जेवढं वाकतंय तेवढंच वीस-पंचवीस वेळा हळू ओढा-सोडा. लाकूड काढल्याचा परिणाम लगेच दिसत नाही, तंतू जागेवर बसायला वेळ घेतात. ही ओढ-सोड न करता खरवडतच राहिलं की अचानक लक्षात येतं, जास्त काढलं गेलं. मग उपाय एकच: बाकी सगळं त्या पातळ जागेच्या पातळीला आणायचं, आणि १६ किलोचं धनुष्य १० किलोचं करायचं. घरातल्या लहानग्याला चालेल.

टोकं सात-आठ इंच उतरू लागली, काटा १६ च्या आत आणि वाक सारखा, मगच पुढे.

### ९. दोरी चढवा, पण आखूड नाही

आता धनुष्याची खरी दोरी. चपला-बॅगा शिवणाऱ्यांकडचा जाड पॉलिएस्टर धागा चांगला. एक धागा काट्याला बांधून तुटेपर्यंत ओढा. कितीला तुटला ते बघा आणि एकूण ताकद ८० किलोच्या वर जाईल इतके धागे एकत्र पिळून घ्या. पोळ्याचं मेण चोळा. वरच्या टोकाला कायमचा फासा, खालच्या टोकाला दोरी स्वतःभोवती तीन-चार वेळा गुंडाळून घट्ट होणारी गाठ, होडीवाले ओंडका ओढताना मारतात तशी. त्यामुळे लांबी बदलता येते.

पहिल्यांदा मुठीपासून दोरी फक्त ३ इंच दूर राहील इतकीच चढवा. धनुष्य पायात अडकवून चढवू नका, पाखं पिळतं. खालचं टोक पावलाच्या आतल्या बाजूला टेकवा, एका हाताने मूठ आपल्याकडे ओढा, दुसऱ्याने वरचं पाखं दाबत फासा सरकवा. तोंड धनुष्याच्या वाटेतून बाजूला.

तपासा: टोकाकडून बघा, दोरी मुठीच्या मधून जाते का? एका बाजूला सरकत असेल तर ज्या बाजूला दोरी झुकते त्याच्या विरुद्ध कडेचं पोट, तेही टोकाकडच्या अर्ध्या भागात, थोडं खरवडा. आणि दोन्ही उतारांपाशी दोरीपासून पोटापर्यंतचं अंतर मोजा. वरच्या पाख्याचं अंतर खालच्यापेक्षा एक-दोन सूत जास्त हवं, म्हणजे खालचं पाखं किंचित ताठ. उलटं असेल तर खालचं जास्त वाकतंय. मग वरच्यातून काढा, खालच्याला विश्रांती द्या.

सगळं जुळलं की दोरी ५ ते ६ इंचांवर आणा.

### १०. इंचा-इंचाने २६ पर्यंत

१२ इंचांपासून सुरुवात. प्रत्येक नव्या इंचाला तेच चक्र: ओढा, बघा, पेन्सिलीची फळी फिरवा, सोडा, काचेने खरवडा, वीस वेळा ओढ-सोड, दोरी उतरवा, पाठ बघा. २० इंचांवर काटा ११-१२ किलो दाखवत असेल तर आपण बरोबर वाटेवर आहोत. १४ दाखवत असेल तर पुढचे सहा इंच मिळण्याआधी अजून लाकूड जाणार आहे.

दर दोन इंचांनी दोरी उतरवून धनुष्य सपाट फरशीवर पाठ खाली ठेवा आणि टोकं फरशीपासून किती वर राहतात ते मोजा. (मूळची फाक वळलेली असेल तर ते माप आधीच लिहून ठेवा.) शेवटपर्यंत एक इंच, फार तर दीड इंच बसलं तर ठीक. २० इंचांच्या ओढीआधीच दोन इंच बसलं असेल तर लाकूड ओलं आहे. पुन्हा माळ्यावर ठेवा, महिनाभराने या.

२४ इंचांवर पोचल्यावर लोकांना धीर राहत नाही. शेवटचे दोन इंच ‘बघू तर’ म्हणून हाताने ओढले जातात. हे दोन इंच कप्पीवरच ओढा. १६ किलोच्या नियमाला सूट फक्त इथे: अंतिम वजन १७ किलोच्या आसपास येऊ द्या, कारण काचपेपर आणि कडा गोल करण्यात एक किलो सहज उतरतं.

आणि बाण न लावता दोरी कधीही सोडू नका. बाणाला जाणारा सगळा जोर लाकडात परत येतो.

### ११. आवाज आला तर

टिक्‌ असा बारीक आवाज आला की ओढ तिथेच सोडा. पाठीवर कापसाचा बोळा फिरवा. तो अडकला तिथे कूस उचलली आहे. ती लहान आणि कडेला असेल तर पातळ फेविक्विक आत जाऊ द्या, वर रेशमी किंवा पॉलिएस्टर दोऱ्याचे वेढे घट्ट गुंडाळा, आणि जोर दोन-तीन किलोंनी कमी करा. कूस बोटभर लांब आणि पाठीच्या मधोमध असेल तर ते धनुष्य वाशाला टांगा.

पोटावर आडव्या, सुरकुतीसारख्या बारीक रेघा दिसल्या तर तिथलं लाकूड चेंगरलं आहे. गोंदाने ते बरं होत नाही. तिथला वाक कमी करायला बाकीचं पाखं हलकं करा, धनुष्य कमी जोराचं होऊन बरीच वर्षं चालतं.

### १२. पावसाआधी बंद करा

कडा गोल करा, विशेषतः पाठीच्या. बारीक काचपेपर शिरेच्या दिशेनेच.

कोकणात नुसतं तेल पुरत नाही. अळशीचं तेल छान दिसतं, पण पावसाळ्यातली दमट हवा त्यातून आत शिरतेच. तेल पूर्ण वाळल्यावर, म्हणजे दहा-बारा दिवसांनी, वर वॉर्निशचे चार पातळ हात द्या, प्रत्येक हातानंतर एक दिवस. खाचांच्या आत आणि टोकांवर जास्त. होड्यांसारखं काजूच्या टरफलाचं तेल लावायचं डोक्यात आलं तर मूठ आणि हात लागणारी जागा सोडा. ते कातडीला फोड आणतं.

दोरी उतरवून, आडवं, दोन खुंट्यांवर ठेवा. कोपऱ्यात उभं केलं की खालचं पाखं बसतं. जूनच्या पहिल्या आठवड्यात काट्यावर टांगून त्याचं वजन मुठीवर पेन्सिलीने लिहा, ऑक्टोबरात पुन्हा तोला. वजन वाढलेलं दिसलं तर ते उतरेपर्यंत धनुष्य चुलीवरच्या माळ्यावर, आणि तोपर्यंत दोरी खुंटीवरच.